‘मुलगा हवा असेल तर हक्कसोडवर सही कर’

प्रश्न : माझं वय ३४. वर्षभरापूर्वी माझे पती अपघातात गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आम्हाला सात वर्षांचा एक मुलगा आहे. पतींनी लग्नाआधी घेतलेला फ्लॅट आहे, नोकरीचा पीएफ आहे, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या पैशातून घेतलेली शेती आहे. सासरे २०१७ मध्ये वारले. सासूबाई, दीर आणि लग्न झालेली नणंद आहेत. फ्लॅट आणि पीएफ या दोन्हींवर लग्नाआधीपासून दिरांचं नाव नॉमिनी म्हणून आहे. तेराव्यानंतर दिरांनी ‘वारसनोंदीला लागतात’ असं सांगून कोऱ्या स्टॅम्प पेपरवर माझ्या सह्या घेतल्या. पुढे मी मुलाला घेऊन माहेरी आले, नोकरी धरली, त्याला इथल्या शाळेत घातलं. सुट्टीत आजीकडे म्हणून त्याला नेलं आणि शाळा सुरू झाली तरी परत पाठवलं नाही. आता दीर म्हणतात, फ्लॅट आणि शेतीवरचा तुझा व मुलाचा हक्क सोड, मग मुलगा घेऊन जा. घरचे माझं दुसरं लग्न करायचं म्हणतात हे त्यांना कळलं आहे. ‘लग्न केलंस की पोरगा गेला आणि हिस्साही गेला,’ असं ते ऐकवतात. मी सही करून मोकळी होऊ का?

उत्तर :

ताई, सही करू नका. आणखी कुठल्याही कागदावर, कुणी कितीही घाई केली तरी करू नका.

तुमच्यासमोर ठेवलेला हा सौदा कायद्यात कुठेच बसत नाही. मुलाचा ताबा आणि मिळकतीतला वाटा हे दोन वेगळे विषय आहेत. त्यांची न्यायालयं वेगळी, कसोट्याही वेगळ्या. एकाच्या बदल्यात दुसरं द्यायचं, असा व्यवहार कुठलंही न्यायालय मान्य करत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मुलाचा वाटा तुमचा नाहीच. तुम्ही फक्त तो सांभाळणाऱ्या आहात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाही. तिच्यावरचा हक्क सोडून देणंही त्यातच आलं. अशी परवानगी मुलाची गरज किंवा त्याचा उघड फायदा दिसल्याशिवाय मिळत नाही. परवानगी न घेता तुम्ही त्याच्या वतीने सही केलीत, तर अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो स्वतः दावा लावून तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. म्हणजे दिरांना जो कागद हवा आहे, तो त्यांच्याही उपयोगाचा नाही.

आधी मुलाचं बघू, कारण तिथे वेळ तुमच्या विरोधात चालला आहे.

वडील गेल्यानंतर आई हीच मुलाची नैसर्गिक पालक. आई हयात असताना काका किंवा आजीला ती जागा नाही. ‘पोरगा आमच्या घराण्याचा’ हे म्हणणं भावनेचं आहे, त्याला कायद्याचा आधार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगायला हवी. न्यायालय शेवटी बघतं ते मुलाचं हित. तुमचा हक्क, आजीचं प्रेम, काकांचा पैसा हे सगळं त्यानंतर. आज तुमची बाजू भक्कम आहे, कारण मुलगा तुमच्याजवळ राहत होता, तुमच्या गावच्या शाळेत जात होता आणि फक्त सुट्टीपुरता गेला होता. सहा महिने, वर्ष तसंच गेलं, तर समोरचे वकील म्हणतील की मूल आता इथे रुळलं आहे, त्याला पुन्हा उपटू नका. हे म्हणणं न्यायाधीशांना विचारात घ्यावंच लागतं. म्हणून ‘जरा शांत होऊ दे, मग बघू’ हा नातेवाइकांचा सल्ला इथे मानू नका.

मार्ग दोन आहेत. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली ताब्यासाठी अर्ज करायचा. जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. मूल एरवी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात हा अर्ज चालतो. सुट्टीत आजीकडे नेल्याने त्याचं राहण्याचं ठिकाण बदललं असं होत नाही, पण हे दाखवायला शाळेचा प्रवेश, फीच्या पावत्या आणि हजेरी लागेल. दुसरा मार्ग उच्च न्यायालयात देहोपस्थितीची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आलं होतं. आई आजाराने गेली होती आणि मूल आईकडच्या नातेवाइकांजवळ होतं. वडिलांनी अशी याचिका केली आणि न्यायालयाने ती मान्य केली. ज्याला कायद्याने ताब्याचा हक्क नाही त्याने मूल अडवून ठेवलं असेल, तर ही याचिका चालते, असं न्यायालयाने म्हटलं. तुमच्या बाबतीत मला हा मार्ग अधिक सरळ वाटतो. पण सविस्तर पुरावा घ्यायला हवा असं उच्च न्यायालयाला वाटलं, तर ते तुम्हाला पहिल्या मार्गाला पाठवू शकतं, त्याचीही तयारी ठेवा. दोन्हीकडे अर्ज केलात तर ते दोन्हीकडे उघड सांगा.

तुमच्या फोनमध्ये एखादा मेसेज नक्की असेल. ‘शाळा सुरू व्हायच्या आधी आणून सोडतो’, किंवा ‘आधी सही, मग पोरगा’. ते पुसू नका, फोन बदलू नका. दुसऱ्या प्रकारचा मेसेज तर तुमच्या याचिकेतला सर्वांत बोलका कागद ठरेल, कारण मुलाचं हित म्हणून नव्हे, तर मिळकतीसाठी त्याला अडवलं आहे हे त्यातून दिसतं. बोलणं फोनवरच झालं असेल, तर आता साध्या शब्दांत लिहून विचारा, मुलाला कधी पाठवताय? उत्तर काहीही आलं तरी उपयोगाचं. पोलिसांत लेखी अर्ज द्या आणि पोचेची प्रत घ्या. ‘घरगुती वाद आहे’ म्हणून ते हात वर करतील, पण तुम्ही लगेच मागणी केली होती याची नोंद राहते. आणि शाळेच्या फाटकातून मुलाला उचलून आणायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. सात वर्षांच्या मुलासमोर ओढाताण व्हायला नको, आणि तुमची स्वच्छ बाजूही त्याने डागाळते.

आता मिळकत. फ्लॅट पतींचा स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगा आणि आई. तिघांना सारखा, म्हणजे एकेक तृतीयांश. या फ्लॅटमध्ये दिरांचा हिस्सा शून्य आहे. सासूबाईंचा एक तृतीयांश मात्र खरा आहे. तो तुम्हाला नाकारता येणार नाही, आणि नाकारूही नका.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घराघरांत आहे आणि त्यावरून किती घरं तुटतात ते मी रोज बघतो. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मिळकत किंवा रक्कम स्वीकारणारा माणूस. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला संस्था पुढे करते ते वारस निश्चित होईपर्यंत. दिरांच्या नावावर भागपत्र (संस्थेचं शेअर सर्टिफिकेट) झालं असलं तरी मालकी त्यांच्याकडे गेली असं होत नाही. पीएफची गोष्ट तर आणखी सोपी आहे. लग्नाआधीचं नामांकन लग्नानंतर बाद होतं, आणि पीएफच्या योजनेत भाऊ हा ‘कुटुंबा’त येतच नाही. पीएफ कार्यालयाला लगेच लेखी कळवा, आणि त्याच वेळी पीएफबरोबरच्या पेन्शन व विम्याचाही दावा करा. या विम्याची रक्कम सात लाखांपर्यंत असू शकते, आणि दुःखात असलेल्या घरांकडून तो मागायचाच राहून जातो.

शेतीचा हिशेब जरा निगुतीने. ती सासऱ्यांची स्वतःची होती आणि त्यांनीही मृत्युपत्र केलं नसेल, तर २०१७ मध्ये सासूबाई, दोन मुलगे आणि मुलगी अशा चौघांना एकेक चतुर्थांश मिळाला. नणंदेचंही त्यात नाव हवं. पतींचा चतुर्थांश पुन्हा तिघांत वाटला जातो, म्हणून तुम्हाला एक बारांश आणि मुलाला एक बारांश. सासऱ्यांना ती त्यांच्या वडिलांकडून आली असेल तर मात्र गणित बदलतं, कारण मग मुलाला जन्मापासूनचा हक्क असू शकतो. म्हणून ‘स्वतः घेतलेली’ हे तोंडी ऐकून धरू नका. तलाठी कार्यालयातून जुने फेरफार काढा, जमीन कशी आली ते त्यातच लिहिलेलं असतं.

वारसनोंदीचा अर्ज तुम्ही स्वतः करा, दिरांवर सोडू नका. सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागेल तेव्हा त्यापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आई असं तुमचं नाव यायला हवं. तिथे काकांचं नाव घातलेलं मी अनेक प्रकरणांत पाहिलं आहे, आणि पुढे त्या एका ओळीवरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. नोटीस निघाली की मुदतीत लेखी हरकत द्या. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, तरी चुकीची नोंद वेळेवर अडवणं सोपं, नंतर काढणं अवघड.

त्या कोऱ्या स्टॅम्प पेपरची धास्ती मला समजते. मला एक सांगा, सह्या झाल्यावर तुम्हाला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं होतं का? तिथे फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, ते विसरण्यासारखं नसतं. नेलं नसेल तर स्थावरावरचा हक्क त्या कागदाने सुटत नाही, कारण हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय चालत नाही. नोटरीचा शिक्का पुरत नाही. तरीही तो कागद संमतीपत्र किंवा प्रतिज्ञापत्र म्हणून भरून सोसायटीत, बँकेत, तलाठ्याकडे दाखवला जाऊ शकतो. म्हणून या सगळ्यांना आणि दिरांना पोचपावतीसह पत्र पाठवा की, अमुक सुमारास वारसनोंदीचं कारण सांगून माझ्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या आहेत, त्यांच्या आधारे काहीही करू नये, आणि माझी किंवा मुलाची कुठल्याही हक्कसोडीला संमती नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर फ्लॅटचा आणि गटाचा तपशील टाकून काही दस्त झाला आहे का तेही पाहा. झालेला दिसला तर वाटपाचा दावा आणि मनाईहुकूम यांत एक दिवसही घालवू नका.

दुसऱ्या लग्नाबद्दल. ताई, हे मोकळ्या मनाने ठरवा. पती गेले त्या क्षणी तुमचा वाटा तुमचा झाला, आणि पुढच्या लग्नाने तो परत जात नाही. पुनर्विवाह केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जातो, हा नियम १८५६ च्या कायद्यात होता. १९५६ च्या कायद्यापुढे तो टिकला नाही, आणि तो जुना कायदाही १९८३ मध्ये रद्द झाला. गावात मात्र तो अजून लोकांच्या तोंडी आहे. ताब्याचंही तसंच. आईने लग्न केलं, एवढ्याच कारणाने तिला मूल नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं आहे. २०२२ मधलं एक प्रकरण तर तुमच्यासारखंच होतं. पती गेले, आईने पुन्हा लग्न केलं, मुलाच्या पालकत्वासाठी आजी-आजोबा न्यायालयात गेले आणि पुढे वाद त्याच्या आडनावापर्यंत पोचला. आई हीच एकटी नैसर्गिक पालक आहे, आडनाव ती ठरवील, असा निकाल लागला. एक गोष्ट मात्र जाते. पीएफ योजनेतली विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते. मुलाची पेन्शन सुरू राहते, ती कुठल्या दराने ते कार्यालयात विचारून घ्या.

सासूबाईंविषयी थोडं. तुमच्या पत्रात त्या एका ओळीपुरत्या आहेत, पण त्यांचा मुलगा गेला आहे आणि नातू हाच त्यांच्याकडे उरलेला धागा आहे. याचिकेत तुम्ही आपणहून लिहा की महिन्यातले ठरावीक दिवस आणि सुट्टीतला काही काळ मुलगा आजीला भेटेल. मुलाला आजी हवीच आहे, म्हणून लिहा. आणि न्यायालयही अशा आईकडे वेगळ्या नजरेने बघतं. मध्यस्थीत समझोता निघाला तर उत्तमच. फक्त मुलाच्या वाट्याला हात लावणारी तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय करायची नाही, हे धरून बसा.

हे सगळं मी हिंदू कायद्याप्रमाणे लिहिलं आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. जाताना पतींचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला, त्याच्या शाळेचे कागद, फ्लॅटच्या कराराची प्रत आणि सातबारा बरोबर न्या. यातले काही कागद सासरीच राहिले असतील, म्हणून अडून बसू नका. दाखले ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून आणि करार निबंधक कार्यालयातून पुन्हा मिळतात. मुलाच्या ताब्याचा अर्ज तर या आठवड्यात, आहेत तेवढ्या कागदांवरच दाखल करा.