भाषिक मानवशास्त्रात नेमकं काय शिकतात? ते भाषाविज्ञानापेक्षा वेगळं कसं?

भाषाविज्ञानाचा ओढा मुख्यतः रचनेकडे असतो: ध्वनी, पदं, वाक्यं. भाषिक मानवशास्त्र विचारतं, कोण कोणाशी, कुठे, कशासाठी बोलतंय? आणि गप्प कोण बसलंय?

गप्प बसण्याचंच घ्या. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या वेस्टर्न अपाची या मूळनिवासी लोकांच्या मौनावर मानवशास्त्रज्ञ कीथ बासो यांनी १९७० साली लेख लिहिला. दूरच्या शाळेतून मुलं बऱ्याच काळाने घरी आली की आईवडील लगेच चौकशा सुरू करत नाहीत, आधी मुलाला बोलू देतात. इतक्या दिवसांत पोर किती बदललंय, हे कळेपर्यंत थांबलेलं बरं. बाहेरच्याला हा तुटकपणा वाटेल. तिथे ती रीत आहे.

पापुआ न्यू गिनीतल्या कालुली समाजातल्या आया तान्ह्या बाळाशी लाडे लाडे बोबडं बोलत नाहीत. बाळाचं तोंड लोकांकडे करून धरतात आणि त्याच्या वतीने स्वतःच बारीक, उंच आवाजात बोलतात. तरीही मुलं भाषा व्यवस्थित शिकतात, हे विशेष!

व्याकरण येणं वेगळं आणि कुठे काय बोलावं हे कळणं वेगळं, हा मुद्दा अमेरिकी भाषिक मानवशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी १९६०च्या दशकात ठासून मांडला. माझ्या मते या विषयात शिरायला तोच उत्तम दरवाजा.

अभ्यासाची पद्धत म्हणजे लोकांत राहणं, त्यांची भाषा शिकणं, रोजचं बोलणं परवानगीने रेकॉर्ड करणं. मग ते अडखळणं, हसणं, मध्येच तोडणं यांसकट उतरवून काढायचं. हे काम भयंकर किचकट आहे. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला कित्येक तास लागतात, तेव्हा या विषयाला प्रवेश घेण्याआधी दहा मिनिटांच्या गप्पा उतरवून बघा.