समुद्राची चित्रं काढून पोट भरतं का?

प्रश्न : मालवणजवळ आमची छोटी होडी आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. तौक्ते वादळानंतर ती किनाऱ्यावरच्या माणसांना ‘समुद्र म्हटलं की काय आठवतं?’ असं विचारते आणि ते सांगतील त्याचं चित्र काढते. आता तिला हेच शिकायचंय. मासळीचे निदान पैसे येतात, चित्रांचं काय? गावभर विचारून झालं, मला मात्र तिने अजून विचारलेलं नाही.

उत्तर : नमस्कार. २०२१ च्या त्या वादळात किनाऱ्याने काय सोसलं ते तुम्ही पाहिलंत, तिनेही पाहिलं. माणसाला बोलतं करायचं आणि मग कागदावर यायचं, ही पद्धत तिला कुणी न शिकवता सापडली आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या पराग तांडेल यांचं काम तिला दाखवा. स्वतः कोळी समाजातले हे कलावंत. विषय शोधायला कोळीवाड्याबाहेर त्यांना जावं लागलं नाही.

पण ‘समुद्र आणि माणूस’ या विषयाची पदवी मिळत नाही. आधी हात तयार हवा. त्यासाठी चार वर्षांचं बी.एफ.ए., म्हणजे कलेची पदवी करावी. सायन्सची अडचण नाही. राज्याच्या कला सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ झालंय, म्हणून तिथले प्रवेशाचे नियम थेट संस्थेकडूनच घ्या. पणजीचं गोवा कला महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. बाहेरच्या राज्यातल्यांना किती जागा आहेत, ते आधी विचारा.

मन असेल तर पेंटिंग आणि पोटाची काळजी असेल तर अप्लाइड आर्ट (जाहिरात, पुस्तकं अशा कामांसाठीची उपयोजित कला), असं सरसकट सांगतात. मला ते पटत नाही. अप्लाइडमध्ये इलस्ट्रेशन आहे, फोटोग्राफी आहे, गोष्ट मांडायचं तंत्र आहे. तिच्या पद्धतीला तेच जास्त मानवेल, असं मला वाटतं.

पैशांचं स्पष्ट सांगतो. गॅलरीत चित्रं विकून घर चालेल, हे पहिली काही वर्षं डोक्यातून काढा. मुलांची पुस्तकं, ॲनिमेशन, संग्रहालयांची मांडणी, शाळेतली चित्रकला यांतून मिळकत होते, तीही कधी बरी, कधी बेताची. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलं की दर खेपेला मासळी लागतेच असं नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार!

सध्या रोज एक वस्तुचित्र : जाळं, वल्हं, सुकत घातलेले बांगडे. आणि माणसं जे बोलतात ते मालवणीतच, तारखेसह वहीत उतरवू दे. पुस्तकी मराठीत आणलं की त्यातला जीव जातो.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. बहुधा तुमचं उत्तर ऐकायला ती बिचकत असेल. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी वर असेल, तेव्हा तुम्हीच तिच्यासमोर जाऊन बसा.