नासाचा 2005 मधला डार्ट उपग्रह ज्याच्या भेटीला गेला त्यालाच कसा धडकला?

तुम्ही विचारलंय, स्वतःचा मार्ग स्वतः काढणारा उपग्रह धडकलाच कसा आणि जमिनीवरून कुणी थांबवलं का नाही? आधी एक खुलासा : 2022 मध्ये लघुग्रहावर मुद्दाम आदळवलेलं डार्ट यान वेगळं. हा डार्ट 15 एप्रिल 2005 ला विमानातून सोडलेल्या पेगासस रॉकेटने वर गेला. मबलकॉम नावाच्या जुन्या उपग्रहाजवळ जायचं, त्याच्या आसपास ठरलेल्या हालचाली करायच्या आणि दूर व्हायचं, सगळं 24 तासांत.

थांबवलं नाही, कारण तशी सोयच ठेवली नव्हती. डार्टला जमिनीवरून आज्ञा घेताच येत नव्हती.

गोम होती वेगाच्या आकड्यात. त्याचा जीपीएस रिसीव्हर वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने चुकीचा सांगत होता. स्वतःचा हिशेब आणि रिसीव्हरचा आकडा यांत फार तफावत पडली की संगणक आपला हिशेब टाकून रिसीव्हरचा आकडा धरायचा, म्हणजे चूक पुन्हा आत. असं सारखं होत राहिलं, थ्रस्टर (यानाला ढकलणारी छोटी इंजिनं) नको तितके पेटले आणि साधारण 11 तासांतच इंधन संपत आलं. हा दोष चमूला ठाऊक होता, पण सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती झालीच नाही, हे मला फार लागतं.

पुढचं आणखी वाईट. जवळ आल्यावर अंतर मोजायचं काम कॅमेऱ्यावर चालणाऱ्या संवेदकाचं होतं. पण ते सुरू होण्यासाठी यानाने एका ठरावीक बिंदूजवळून जाणं गरजेचं होतं आणि तो बिंदू थोडक्यात हुकला. मग डार्टला मबलकॉमची दिशा कळत होती, अंतर नाही. टक्कर टाळणारी यंत्रणाही त्याच चुकलेल्या हिशेबावर विसंबलेली. टक्कर झाली त्या क्षणी डार्टच्या मते तो 130 मीटर लांब होता आणि मागे सरकत होता. प्रत्यक्षात तो सेकंदाला दीड मीटर वेगाने मबलकॉमवर जात होता. सुदैवाने दोन्ही उपग्रह शाबूत राहिले.

म्हणून मी स्वयंचलनाला दोष देणार नाही. राखणदाराला स्वतःचे डोळे हवेत. टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला अंतराचं वेगळं, स्वतंत्र मोजमाप मिळायलाच हवं होतं. शिवाय थांबण्याची मुभा हवी. जानेवारी 2025 मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स या अवकाशात उपग्रह जोडण्याच्या मोहिमेत दोन उपग्रह जवळ आणताना ते अपेक्षेपेक्षा जास्त सरकले, तेव्हा जोडणी पुढे ढकलली. मग चाचणी म्हणून 3 मीटरपर्यंत आणून पुन्हा लांब नेले आणि 16 जानेवारीला जोडले.