चार महिन्यांचा पंतप्रधान

प्रश्न : ‘मोकुसात्सु’ या एका शब्दाचं भाषांतर चुकलं आणि हिरोशिमावर अणुबाँब पडला, असं वाचलं. तो शब्द उच्चारणारे पंतप्रधान सुझुकी मूळचे आरमारातले ना? त्यांच्याविषयी सांगाल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : हो, कान्तारो सुझुकी पक्के दर्यावर्दी. १८९५ मध्ये टॉर्पेडो बोट घेऊन चीनच्या वेईहाईवेई बंदरावर रात्री चालून गेले, १९०५ मध्ये त्सुशिमाला रशियन आरमाराशी लढले. पुढे अ‍ॅडमिरल झाले, मग सम्राट हिरोहितोंच्या दरबारी मुख्य कारभारी.

मला मात्र आधी आठवते ती २६ फेब्रुवारी १९३६ची पहाट. बंडखोर सैनिक घरात शिरले, गोळ्या झाडल्या. सुझुकी रक्ताच्या थारोळ्यात पडलेले. आता कॅप्टन आन्दो शेवटचा घाव घालणार, तोच पत्नी ताका यांनी विनवलं, तेवढं तरी करू नका. आन्दो थांबला. सैनिकांकडून सुझुकींना सलामी देववली आणि निघून गेला. याच ताकाबाईंनी लहानग्या हिरोहितोंना सांभाळलं होतं.

७ एप्रिल १९४५ला पंतप्रधानपद आलं तेव्हा वय ७७, कानांनी कमी ऐकू येई. सैनिकानं राजकारणात पडू नये म्हणत ते नकोच म्हणत होते. सम्राटांच्या शब्दाखातर तयार झाले.

आता तुमचा शब्द. मी जपानी शिकवते. ‘मोकु’ म्हणजे मौन, ‘सात्सु’ म्हणजे ठार करणं. आपलं ‘अनुल्लेखाने मारणं’ अगदी हेच! मग भाषांतरकारांनी ‘दुर्लक्ष केलं’ असा अर्थ लावला, त्यात त्यांचं काय चुकलं? शिवाय बाँब टाकण्याचा आदेश २५ जुलैचा, जपानकडे शरणागतीची मागणी करणारा दोस्तराष्ट्रांचा पॉट्सडॅम जाहीरनामा २६चा आणि त्यावर सुझुकींनी ‘मोकुसात्सु’ म्हटलं ती पत्रकार परिषद २८ची. बाँबचं खापर त्या शब्दावर फोडता येत नाही. पण जाहीरनामा हाती असूनही लष्कराला दुखवायला नको म्हणून दिवस घालवले, ही जबाबदारी सुझुकींचीच, असं मला ठामपणे वाटतं.

९ ऑगस्टच्या मध्यरात्री सम्राटांच्या तळघरात बैठक बसली. शरणागतीवर मतं समसमान पडली. सुझुकींनी स्वतःचं मत टाकलंच नाही. उठून थेट सम्राटांनाच कौल मागितला. अशा बैठकीत सम्राटांनी गप्प बसायचं, ही रीत. ती त्या रात्री मोडली आणि युद्ध थांबलं.

१५ ऑगस्टच्या पहाटे सैनिक पुन्हा त्यांच्या घरावर आले. या वेळी घर जाळलं. सुझुकी वेळीच निसटले आणि त्याच दिवशी राजीनामा दिला.