'बेधुंद'मधला 'बे' आणि गोयाचे यात्रेकरू

फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या 'सान इसिद्रोची यात्रा' या चित्राखाली 'बेधुंद यात्रेकरू' असे लिहावे काय, आणि 'बे' म्हणजे 'विना' असेल तर त्याचा अर्थ 'शुद्धीवर असलेले' असा उलटा होत नाही काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

होत नाही. फारसीतला 'बे' अभावदर्शकच आहे. पण मराठीच्या कानावर तो बेभान, बेफाम, बेहोश, बेलगाम अशा ताबा सुटलेल्या माणसाच्या शब्दांतून पडत राहिला आणि त्याच संगतीने धुंदीलाही जाऊन चिकटला. या शब्दाला अशुद्ध ठरवणाऱ्या शुद्धिवाद्यांनी 'बेफाम'मधली 'फहम', म्हणजे समज, किती जणांना दिसते ते आधी सांगावे. माझी तक्रार वेगळीच आहे. सहलीतली चार मुले नाचली तरी निवेदक त्यांना 'बेधुंद' करून टाकतात, बातमीदाराला 'मद्यधुंद अवस्थेत'शिवाय दारुडा लिहिता येत नाही, आणि या गोंगाटात नुसता 'धुंद' बुजून गेला आहे.

धुंद म्हणजे आधी नशा नव्हे, धुके. हिंदीत 'धुंध' आजही धुकेच आहे आणि हिंदी कोश त्याची फोड धूम आणि अंध अशी करतात. अशा फोडीला लोकव्युत्पत्ती म्हणून हसणाऱ्या विद्वानांनी खुशाल हसावे. धुंदी चढते ती डोळ्यांवर, हे त्यांनाही नाकारता येणार नाही. धनुर्मासाचा 'धुंधुरमास' झाला तोही पहाटेच्या धुक्यामुळेच, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. घरात कोणी ऐकत नाही.

आता चित्र पाहावे. सान इसिद्रो हा माद्रिदचा संत, त्याचा सण १५ मे रोजी असतो आणि भाविकांनी प्यायचे असते ते त्याच्या देवळाजवळच्या झऱ्याचे पाणी. हीच यात्रा गोयाने १७८८ मध्ये उन्हातली, पांढऱ्या छत्र्या घेतलेल्या स्त्रियांची रंगवली होती. पुढे १८२० ते १८२३ च्या सुमारास, ठार बहिरा झाल्यावर, त्याने ती आपल्या घराच्या भिंतीवर पुन्हा रंगवली. नंतर ती कॅनव्हासवर उतरवली गेली आणि आज प्रादो संग्रहालयात आहे. या भिंतीवरच्या चित्रांना त्याने नावेही ठेवली नाहीत, त्यामुळे 'दारुड्यांची मिरवणूक' हा अर्थ पाहणाऱ्यांनी लावलेला आहे. पुढे एक जण गिटार घेऊन आहे आणि त्याच्याभोवती उघडी तोंडे, वटारलेले डोळे यांचा एकच ढीग झाला आहे. बाकीची रांग मागच्या टेकड्यांवरून वळत येते, तिथे माणूस कुठे संपतो आणि काळोख कुठे सुरू होतो ते कळत नाही. चित्राखाली नुसते 'धुंद यात्रेकरू' लिहावे.