सात-आठ जणांनी मिळून ऑन्टॉलॉजी उभारण्यासाठी कोणते वेब-आधारित साधन घ्यावे?

पिकांविषयीची ऑन्टॉलॉजी (म्हणजे संकल्पना, त्यांचे वर्ग आणि त्यांच्यातील संबंध यांची संगणकाला वाचता येईल अशी मांडणी) मराठी आणि इंग्रजी संज्ञांसह करायची आहे, गट निरनिराळ्या शहरांत विखुरलेला आहे आणि एकच फाइल ईमेलने फिरवून सगळे कंटाळले आहेत, असे आपण लिहिले आहे. या परिस्थितीत मी वेबप्रोटेजेपासून सुरुवात करीन.

स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले हे मुक्तस्रोत साधन ब्राउझरमध्ये चालते. प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची त्यात नोंद राहते, बदल मागे घेता येतो आणि एखाद्या संकल्पनेविषयीची चर्चा त्या संकल्पनेलाच जोडून ठेवता येते. ही शेवटची सोय किरकोळ वाटेल, पण माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. ज्वारीचेच पाहा: कृषितज्ज्ञाला ती शेतातले उभे पीक वाटते, वनस्पतिशास्त्रज्ञाला एक प्रजाती आणि व्यापाऱ्याला पोत्यातले धान्य. तिघांसाठी एकच वर्ग केला, तर उभ्या पिकाला लागणारी खोडमाशी आणि साठवलेल्या दाण्यांत होणारे सोंडे एकाच ठिकाणी जोडले जातात, आणि गोदामातील किडी शोधणाऱ्याच्या हाती खोडमाशी येते. असा वाद कसा मिटला हे तेथेच नोंदलेले नसेल, तर सहा महिन्यांनी तोच वाद नव्याने घालावा लागतो.

उणीव म्हणाल तर तार्किक विसंगती शोधण्यासाठी ऑन्टॉलॉजी अधूनमधून उतरवून घेऊन प्रोटेजे या संगणकावर बसवायच्या आवृत्तीत हर्मिटसारखा रीझनर, म्हणजे व्याख्या तर्काने तपासणारा प्रोग्राम, चालवावा लागतो.

आपला भर वर्गांच्या व्याख्यांपेक्षा बहुभाषिक संज्ञांवर असेल, तर व्होकबेंच अधिक सोयीचे ठरेल, मात्र ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रोव्हॉक हा शब्दसंग्रह त्यातच सांभाळला जातो, आणि एकाने सुचवलेला बदल दुसऱ्याने मान्य केल्यावरच पक्का होईल अशी व्यवस्था त्यात करता येते. साधन कोणतेही घ्या, अ‍ॅग्रोव्हॉकमध्ये आधीच असलेल्या संकल्पना पुन्हा घडवत बसू नका. आपले वर्ग त्यांना जोडा.

तज्ज्ञांना ओडब्ल्यूएल ही ऑन्टॉलॉजी लिहिण्याची संगणकीय भाषा शिकवण्याचा आग्रहही धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणाच्या घडणीत वेबप्रोटेजेचेच खास बदललेले रूप वापरले गेले, ज्यात डॉक्टरांसमोर साधे रकाने होते. आपणही आरंभी संपादनाचा अधिकार दोघांनाच द्या आणि बाकीच्यांना केवळ टिप्पणीचा.