पुण्यात गोल्फ इन्स्ट्रक्टर म्हणून काम करावं का? क्रिकेट खेळलेल्या मुलाला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की वय 24, क्लब क्रिकेट खेळलात, वर्षभर रेंजवर (बॉल मारायच्या सरावाच्या मैदानावर) जाताय, ड्राइव्ह (होलची सुरुवात करायचा लांब फटका) 260 यार्ड जातो आणि आता गोल्फ शिकवायचं काम करावं असं डोक्यात आहे, पण घरचे म्हणतात की हा बड्या लोकांचा खेळ, तिथं आपलं काय काम. मी येरवड्याच्या बाजूला वाढलो, आधी कॅडी (खेळाडूची बॅग उचलून बरोबर चालणारा) होतो आणि आता बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून लिहितो. जमेल, पण ड्राइव्ह 260 जातो म्हणून नाही. शिकायला येणारा माणूस तुमचा ड्राइव्ह बघायला येतच नाही हो, तो येतो स्वतःचा बॉल उजवीकडं का जातोय ते विचारायला, आणि ते तुम्हाला दिसलं पाहिजे आणि त्याला समजेल असं सांगता आलं पाहिजे, काम एवढंच आहे आणि ते फार अवघड आहे.

आमच्याकडं येणारे लोक कोण असतात ते आधी बघा. हिंजवडी-खराडीचे आयटीवाले शनिवार-रविवारी, रिटायर झालेले काका रोज सकाळी, आर्मीतले लोक (त्यांना बहुतेकदा थोडंफार येत असतं), आणि शाळेतली पोरं. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकला गोल्फमध्ये अदिती अशोक चौथी आली, एका शॉटनं मेडल हुकलं, तेव्हापासून मुलींना घेऊन येणारे आईबाप दिसायला लागले आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्याच ऑलिम्पिकला आपल्या पुण्याचा उदयन माने पण खेळला, हे अजून कित्येक पुणेकरांना माहीतच नाही.

आता एक लेसन कसं असतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. कोथरूडचे एक काका, बँकेतून रिटायर, बॉल सारखा उजवीकडं वळून जायचा, म्हणजे स्लाइस. घरी व्हिडिओ बघून बघून आले होते, डोकं खाली ठेव, डावा हात सरळ ठेव, कंबर आधी फिरव, खांदा असा, गुडघा तसा, सगळं एकाच स्विंगमध्ये करायला जायचे आणि नुसते कडक होऊन उभे राहायचे. मी त्यांचा स्विंग बघायच्या आधी म्हटलं, काका, ग्लोव्ह काढून द्या जरा. तळव्याच्या खालच्या बाजूला, मनगटाजवळच्या गादीवर कातडं पार झिजून भोक पडलेलं. म्हणजे क्लब (गोल्फची काठी) बोटांत नाही, तळव्यात धरलाय, आणि प्रत्येक शॉटला तो हातात सरकतोय. मग मार्करनं बॉलच्या मागच्या बाजूला एक ठिपका काढला आणि मारायला सांगितलं, ठिपक्याची शाई क्लबफेसवर (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर) उमटते आणि बॉल नेमका कुठं लागला ते कळतं. बॉल तर बऱ्यापैकी मध्यात लागत होता. म्हणजे अडचण फेस उघडा, म्हणजे उजवीकडं तोंड करून राहतोय त्याची होती, आणि फेस उघडा राहत होता तो ग्रिपमुळं, म्हणजे पकडीमुळं. त्या दिवशी मी फक्त डावा हात बदलला, क्लब बोटांच्या मुळाशी आणला आणि वरून बघितल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या दोन गाठी दिसल्या पाहिजेत एवढंच सांगितलं. नवीन ग्रिप सुरुवातीला परक्या माणसाच्या हातासारखी वाटतेच, काका म्हणाले "अहो हे काहीतरी चुकतंय", मी म्हटलं मारत राहा. तासाभरात बॉल बराच सरळ जायला लागला. खांदा, कंबर, गुडघा यातलं मी काही काढलंच नाही. त्यातल्या निम्म्या गोष्टी खरंच चुकत होत्या, पण एका वेळी एकच सांगायची, हा या कामातला सगळ्यात मोठा संयम आहे. दिसतंय ते सगळं सांगून टाकायचा मोह होतो, आणि समोरच्याला पण वाटतं की पैसे दिलेत तर जास्त सांगा. नाही सांगायचं.

फेसचं का सांगितलं ते पण लक्षात घ्या. जुनी शिकवण अशी होती की बॉल निघतो क्लब ज्या दिशेनं चाललाय तिकडं आणि नंतर फेसकडं वळतो. रडारवर मोजणारी यंत्रं आल्यावर कळलं की ते जवळपास उलटं आहे, बॉल सुटायची दिशा मुख्यतः फेस ठरवतो आणि तो पुढं किती वळणार हे फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर असतं. अजूनही रेंजवर जुनंच सांगणारे भेटतात. तुम्हाला शिकवायचं असेल तर हे पक्कं करा, कारण निदान चुकलं की औषध उलटंच पडतं.

क्रिकेटबद्दल. क्रिकेटवाल्याला नजर असते, टायमिंग असतं, डोकं स्थिर ठेवायची सवय असते, हा फायदा नक्की आहे. त्रास दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे बॉल उचलायची सवय, टेनिस बॉल क्रिकेट खेळलेला प्रत्येक मुलगा वजन मागच्या पायावर ठेवून खालून बॉल वर काढायला बघतो. गोल्फमध्ये बॉल वर जातो तो क्लबच्या लॉफ्टमुळं, म्हणजे फेसच्या तिरकेपणामुळं, 7 आयर्नला (मधल्या अंतराचा क्लब) साधारण 30 ते 34 अंशाचा लॉफ्ट असतो, तुम्ही वरून खाली मारायचं आणि क्लबला त्याचं काम करू द्यायचं. हे एकदा पटलं की पोरं महिन्याभरात बदलतात. दुसरं म्हणजे खालच्या हाताची ताकद, पकड इतकी घट्ट की हाताच्या शिरा दिसतात. मी सांगतो, लक्ष्मी रोडवर गर्दीत लहान पोराचा हात जसा धरता तसा धरा, सुटता पण कामा नये आणि त्याला दुखता पण कामा नये.

कामाचे दिवस: सकाळी सहाला पहिलं लेसन, दहा-साडेदहानंतर उन्हाळ्यात कोणी थांबत नाही, मधे रिकामा वेळ, परत चारनंतर. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, आकाशात गडगडलं की सगळ्यांना उघड्यावरून आत घ्यायचं, कितीही मोठा मेंबर असला तरी, कारण हातात धातूची काठी घेऊन मोकळ्या मैदानात उभा असलेला माणूस आणि वीज हा खेळण्याचा विषय नाही. जून ते सप्टेंबर लेसन कमी होतात आणि उत्पन्न खाली येतं. बहुतेक ठिकाणी थोडा ठरलेला पगार आणि लेसनमधला वाटा असं असतं, काही ठिकाणी फक्त वाटा. त्यामुळं पावसाळ्याचे चार महिने कसे काढणार याचा हिशोब आधी घरी बसून करा, नंतर नाही.

आणि एक गोष्ट जी तुम्हाला बहुतेक कोणी सांगितली नसेल. पैसे घेऊन गोल्फ शिकवायला लागलात की नियमानुसार तुमचा अमॅच्युअर (हौशी खेळाडूचा) दर्जा जातो. 2022 मध्ये ते नियम बरेच सुटसुटीत केले पण ही अट राहिलीच. दर्जा परत मिळवायला अर्ज करता येतो, पण तोपर्यंत अमॅच्युअर स्पर्धा बंद. तुम्हाला अजून एक-दोन वर्षं स्पर्धा खेळून बघायच्या असतील तर आधी त्या खेळा. शिकवायचंच ठरलं तर इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकादमीचे कोचसाठीचे कोर्स आहेत, ते करा, त्याशिवाय चांगल्या ठिकाणी आत घेणं कठीण होत चाललंय आणि ते बरोबरच आहे.

घरच्यांचं म्हणणं. पूर्ण चुकीचं नाही. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं गोल्फ कोर्स, म्हणजे मैदान आहे, लवळ्याकडं ऑक्सफर्ड आहे, आर्मीचे आहेत, म्हणजे मेंबर नाहीतर पाहुणा म्हणूनच बहुतेक ठिकाणी आत जाता येतं. पण हा खेळच तसा आहे असं नाही. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचं जे जगातलं सगळ्यात नावाजलेलं कोर्स आहे ते सार्वजनिक आहे, रविवारी तिथं खेळ बंद असतो आणि गावातले लोक त्यावर फिरायला जातात. दिल्लीत डीडीएनं लाडो सरायला सार्वजनिक कोर्स काढलाय. महापालिकेनं असं एखादं नऊ होलचं कोर्स नाही तर निदान एक रेंज काढावी असं मला फार वाटतं, कारण आमच्या वस्तीतल्या पोरांना कुंपणाच्या अलीकडून खेळ बघून बघून जेवढा समजतो तेवढा पैसे भरून शिकणाऱ्यांना वर्षभरात समजत नाही. 1991 ला इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल अली शेर हा कॅडीच होता. एसएसपी चौरसिया या गोल्फरचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता कोर्सवर गवत सांभाळायचे आणि पोरानं 2016 आणि 2017 असं सलग दोनदा इंडियन ओपन मारलं. घरच्यांना ही नावं सांगा.

कॅडींशी नीट वागा, हे वेगळं सांगतो. नवीन इन्स्ट्रक्टर गणवेश घालून येतात आणि कॅडीला "ए" म्हणतात. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) बॉल कुठं वळणार हे ज्या माणसानं वीस वर्षं रोज बघितलंय त्याच्याकडून शिकायला मिळतं, पटिंग (ग्रीनवरचं हळू मारणं) तर मी सगळं त्यांच्याचकडून शिकलो. त्यांना दादा, मामा म्हणा आणि शेजारी उभं राहून विचारा की लाइन कशी दिसते, सांगतात, आवडीनं सांगतात.

शेवटचं तुम्ही विचारलंय की आत्ता नवीन सेट घेऊ का. नका घेऊ. नियमानं बॅगेत 14 क्लब चालतात पण शिकवायला तुम्हाला एक 7 आयर्न, एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) आणि पटर पुरतो. त्याऐवजी एखाद्या चांगल्या इन्स्ट्रक्टरला विचारून महिनाभर त्याच्या लेसनला मागं उभे राहा, बोलू नका, फक्त बघा आणि मनात ठरवा की समोरच्या माणसाला आज कुठली एक गोष्ट सांगायची. मग बघा तो तीच सांगतोय का. नऊ-दहा वेळा जुळायला लागलं की मला इथंच परत विचारा, कुठं काम मिळेल ते सांगतो.